आडवं जाण्याचा अर्ज

माणसानं मरून खाली कसं यावं, हे ठरवायला आमच्या सोसायटीच्या तीन सर्वसाधारण सभा झाल्या. पाण्याच्या टाकीसाठी एकच पुरली होती. मी सेक्रेटरी, त्यामुळे तिन्ही सभांचं इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. पोस्टात बत्तीस वर्षं काउंटरवर बसले, लोकांचे शिव्याशाप ऐकले, नाही नाही ते फॉर्म भरून दिले. पण ‘मृतदेह आडवा नेण्याची सोय होणेबाबत’ असा विषय लिहायची वेळ कधी आली नव्हती. ती आणली गुणाजी राऊळांनी.

गुणाजी म्हणजे आमच्या लालबागच्या मोरेश्वर चाळीतले तिरडीवाले. धंदा नव्हे हो! नोकरी त्यांची गिरणीत, आणि गिरणी बंद पडल्यावर एका शाळेत शिपाई. तिरडी ही सेवा. कुणी गेलं की रडारड सुरू व्हायच्या आधी त्यांना हाक जायची. बाकीचे पुरुष हाताची घडी घालून ‘फार वाईट झालं’ म्हणत उभे, आणि हा एकटा माणूस बांबू तोडतोय, सुतळीच्या गाठी मारतोय, खांदेकऱ्यांच्या उंच्या बघतोय. एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला बुटका लागला तर मयत कलतं, हे त्यांचं शास्त्र. लग्नाची बोलणी करायला आलेल्या पाहुण्यांचीसुद्धा ते नजरेनं उंची घ्यायचे. माझ्या सासऱ्यांना, सासूबाईंना त्यांनीच बांधून दिलं. चाळीचा जिना लाकडी, ऐसपैस. चौघं तिरडी घेऊन वळायचे आणि वरच्या माणसाला धक्कासुद्धा लागायचा नाही.

मग आमचा विकास झाला.

बिल्डर आला, नकाशे आले, समोसे आले. मी कमिटीत होते, आणि त्याचा तोरा मिरवत होते ते वेगळंच. आम्ही काय काय मागितलं म्हणून सांगू? ग्रॅनाइटचा ओटा मागितला, पाइपचा गॅस मागितला, गणपतीला हॉल मागितला, चपलांना कोनाडा मागितला. जिन्याच्या रंगावरून दोन रविवार भांडलो. एकवीस मजल्यांवर राहायला निघालोय, तर तिथून शेवटी बाहेर कसं पडणार, हे दीडशे बिऱ्हाडांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. उलट बिल्डरचा माणूस म्हणाला, लिफ्टची जागा थोडी कमी केली तर प्रत्येकाचं किचन नऊ इंचांनी वाढेल. नऊ इंच! टाळ्या पडल्या हो. ठराव एकमतानं मंजूर, खाली सही माझी. त्या नऊ इंचांत आज माझा फ्रिज आहे, आणि त्याचं दार पूर्ण उघडत नाही.

ताबा मिळाल्यावर चौथ्याच महिन्यात आमचे हे गेले. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि गेले. नव्या इमारतीतलं पहिलं मयत. मान आमच्या घराला मिळाला. मुलगी नाशिकहून येईपर्यंत दुपार झाली आणि तोवर अंग ताठ झालं. आम्ही सतराव्या मजल्यावर. जिना बघितला तर त्याच्या वळणावर दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, तिरडी कुठली वळतेय! लिफ्टमध्ये खुर्चीवर बसवून न्यावं म्हणाले, तर पाय वाकेनात. शेवटी ह्यांना उभं केलं. छातीशी आणि गुडघ्याशी धोतरानं बांधलं, दोघांनी दोन बाजूंनी धरलं. तिसरी मी.

नवव्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दारात एक नवी सून, हातात भाजीची पिशवी. तिला बिचारीला काही कळलंच नाही. ह्यांच्याकडे बघून म्हणाली, “अंकल, थोडं आत सरकता का?” छत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांना कुणी वावगं बोललेलं मी खपवून घेतलं नव्हतं. त्या दिवशी खपवून घेतलं. काय सांगणार होते तिला?

खाली आल्यावर गुणाजींनी तिरडी बांधली, सगळं रीतसर केलं, आणि मग भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडले. “वयनी, माका माफ कर,” म्हणाले. “चाळीस वर्सां ह्या काम केलंय, पण माणूस उभो कधी न्हेलंय नाय.” त्यांना काय माहीत, माफी मागायची तर सही कुणी केली होती!

त्यानंतर तीनेक वर्षांनी गुणाजींच्या छातीत दुखलं. वय एकोणऐंशी. बायको आधीच गेलेली, मुलगा जयवंत आणि सून ह्यांच्याबरोबर आमच्या समोरच्याच दारात राहायचे. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय पाव हिश्श्यानं चालतंय, कधीही थांबेल. असं ऐकल्यावर माणूस औषधं आणतो. गुणाजींनी टेप आणली. लिफ्टमध्ये शिरून लांबी, रुंदी, उंची घेतली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी घेतली. मजल्यामजल्यावर लोक बटण दाबून वैतागलेले आणि हे आत गुडघ्यांवर बसून आकडे लिहितायत. बाहेर येऊन मला म्हणाले, “वयनी, मी पाच फूट सात. खयसूनच मावणय नाय. माका उभ्यान जावचा नाय गो.”

दुसऱ्या दिवशी अर्ज आला. लिफ्ट मोठी करावी.

पहिली सभा त्यावर. गर्दी चांगली झाली, कारण आधी सगळ्यांना वाटलं की पार्किंगचा विषय आहे. इंजिनिअरला बोलावलं होतं. तो म्हणाला, होईल, पण प्रत्येकाला किचनमधले नऊ इंच परत द्यावे लागतील. सभेत एवढी शांतता मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती. मग एकेक जण उठून गुणाजींच्या तब्येतीची चौकशी करायला लागला. “काका, तुम्ही तर अजून ठणठणीत आहात!” “शंभरी गाठणार बघा!” कुणी म्हणालं, उगाच अभद्र बोलू नये. आमच्याच आवारात बिल्डरनं विकायला बांधलेला टॉवर आहे, पन्नास मजली. तिथं कुत्र्यांसाठी वेगळी लिफ्ट आहे. ते मी बोलून दाखवलं, तर अध्यक्षांनी विषयाला धरून बोला म्हणून मलाच दटावलं.

गुणाजी गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. महिन्याभरात दुसरा अर्ज. लिफ्ट नको तर नको, तळमजल्यावर एक खोली द्या. मरायला टेकलो की मी जिवंतपणी, माझ्या पायांनी खाली येईन आणि तिथं मरेन. म्हणजे प्रश्नच मिटला!

खोली होती. ऑफिसच्या बाजूला दहा बाय बारा, दारावर चकचकीत अक्षरांत ‘फिटनेस सेंटर’. बिल्डरनं दिलेली एक व्यायामाची सायकल आत होती, तिला एकच पेडल. तीन वर्षांत तिच्यावर ओल्या छत्र्यांशिवाय कुणी बसलं नव्हतं. पण दुसऱ्या सभेत खोली गुणाजींना द्यायची म्हटल्यावर सगळ्यांना आपापल्या तब्येतीची आठवण झाली. ज्यांना बसल्यावर पोटामुळे पाय दिसत नाहीत, ते ‘पुढच्या पिढीच्या आरोग्याचं काय?’ विचारत होते. मी म्हटलं, “उद्यापासून रोज सहा वाजता पुढच्या पिढीची हजेरी घेते. नावं द्या.” एकही नाव आलं नाही. खोली मंजूर झाली. मी वहीत लिहिलं, ‘गुणाजी भिकाजी राऊळ, तहहयात’. दारावरची पाटी काढायची राहूनच गेली.

जयवंत भलताच चिडला. लोअर परळच्या ऑफिसात मॅनेजर आहे तो, त्याला चारचौघांत लाज वाटायची. “बाबा, लोक काय म्हणतील? मुलानं बापाला मरायला तळमजल्यावर टाकला!”

“तू टाकूक नाय, मी जातंय,” गुणाजी म्हणाले. “बदली झाली म्हण.”

आणि तयारी काय विचारता! लोखंडी खाट आली. कोरं कापड आलं, गंगाजलाची लोटी आली, दारात तुळशीची कुंडी आली. चार खांदेकऱ्यांची यादी झाली, उंचीसकट. त्यात दर आठवड्याला खाडाखोड. कुणाची कंबर धरली, कुणी दुबईला गेला, कुणी वीस रुपयांच्या नारळावरून भांडला म्हणून बाद. दोन हिरवे बांबू आणून गणपतीच्या सामानाबरोबर ठेवले होते, ते दहीहंडीला मंडळानं बॅनरसाठी वापरून टाकले, तर ह्यांनी मंडळाला बोलणी हासडली की अख्खा नाका ऐकत होता. “फ्लेक्स लावचो नाय,” हे त्यांनी मला तीनदा बजावलं. “माजो फोटो बारको आणि नगरसेवकाचो मोठो, माका नको.” एवढं करून स्वारी अजून राहायची वरच. मरायला टेकल्याची लक्षणं दिसली की खाली यायचं ठरलं होतं, आणि लक्षणं काही दिसत नव्हती.

तेवढ्यात रमाबाई मरायला टेकल्या.

रमाबाई बाराव्या मजल्यावरच्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. आमच्या चाळीत त्यांची खानावळ होती; गिरणीची तीनही पाळ्यांची माणसं त्यांच्या हातचं जेवून मोठी झाली. टॉवरात आल्यापासून बाई खाटेला लागलेली. मुलगा हितेंद्र आणि सून सकाळी आठला जातात, संध्याकाळी आठला येतात. मधले बारा तास दार बंद, टीव्ही चालू. बाईनं हळूहळू खाणं सोडलं, बोलणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता फार तर आठ दिवस. हितेंद्र माझ्याकडे आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. “कमलताई, आई दोनच शब्द बोलतेय. उभी नको, उभी नको. तुमच्या मिस्टरांना खाली उभंच बाहेर काढलं ते तिनं बघितलं होतं ना खिडकीतून. राऊळकाका खोली देतील का हो?”

गुणाजींनी जागच्या जागी किल्ली काढून दिली. “आठ दिसांचो प्रश्न आसा. बाईक आडवी जांव दे.”

रमाबाईंना खुर्चीत बसवून खाली आणलं. दिवसा बघायला एक बाई ठेवली. आणि गुणाजी रोज सकाळी खाली जाऊन दारातूनच डोकावायचे. हळू आवाजात विचारायचे, “आसा?” आतली कामाला ठेवलेली बाई म्हणायची, आहेत. हे मान हलवून परत यायचे.

आठ दिवस झाले. पंधरा झाले. तळमजल्याचं दार ते! सकाळी दूधवाला जातो, पोरं शाळेला जातात, कुणी कुणाशी लिफ्टसाठी भांडतं, मावरंवाली टोपली टेकवते. तिसऱ्या आठवड्यात रमाबाईंनी उशीवरून मान उचलली आणि मावरंवालीला म्हणाल्या, “तो पापलेट परवाचा आहे. डोळे बघ त्याचे, माझ्यापेक्षा मेलेले.” झालं! त्या दिवशी बाईनं वाटीभर पेज घेतली. महिन्याभरात भात. दीड महिन्यात येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून बसवायला लागली. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या पोराला नोकरी लागली, अख्ख्या इमारतीची बातमी फिटनेस सेंटरात. त्या खोलीत कुणाची तब्येत सुधारली असेल तर ती एकट्या रमाबाईची!

इकडे गुणाजींचा श्वास लागायला लागला. पायांवर सूज आली. आता मात्र खरोखर लक्षणं दिसायला लागली, आणि खोलीत बाई भाकरी थापायच्या गोष्टी करतेय. एक दिवस माझ्या दारात येऊन बसले, दम खात म्हणाले, “वयनी, तिका इचार गो जरा, तिचो काय इचार आसा?”

मी काय विचारणार? मरताय कधी? तरी तिसरी सभा घेतली. ठराव केला की सदर खोली अंतिम कारणासाठी जास्तीत जास्त पंधरा दिवस देण्यात यावी. सचिवांनी नोटीस बजावावी. मी ती लिहिली, सरकारी भाषेत, सवयच आहे हाताला: ‘आपण ज्या कारणास्तव खोलीचा ताबा घेतला ते कारण विहित मुदतीत पूर्ण न केल्याने सात दिवसांत खोली रिकामी करून द्यावी.’ लिहून झाल्यावर वाचलं आणि माझी मलाच शरम वाटली. मरायला उशीर झाला म्हणून चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला नोटीस काढणारी मी जगातली पहिलीच सेक्रेटरी असेन. बजावायला माझे पाय उचलेनात. गुणाजी म्हणाले, “दी हकडे. माजी खोली, मीच देतंय.”

सकाळी दहाला गेले ते दीडला वर आले. हाताला कोलंबीच्या कालवणाचा वास.

“दिलीत?”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून नोटीस काढली, घडीसकट माझ्या हातात ठेवली. म्हणाले, “चष्मो नाय म्हणान माकाच वाचूक सांगल्यान.”

“मग?”

“वाचलंय. लायटीचा बिल म्हणान वाचलंय.” मग म्हणाले, “वयनी, तिका वर न्हेलास तर ती मरतली गो.”

“आणि तुमचं काय? तुम्ही दोन वर्षं धडपडताय त्या खोलीसाठी!”

“माजा मी बघतंय.”

मला इतका राग आला! सभा घ्यायला लावल्या, माझ्याकडून ठराव लिहून घेतले, अख्ख्या इमारतीत माझं हसं केलं, आणि आता कालवण खाऊन मोठेपणा! मी म्हटलं, “मग उभे जा. मला काय करायचंय?” बोलले आणि तोंडावर हात ठेवला. ते नुसते हसले. त्यांना माहीत होतं, मला काय काय करायचंय ते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवीन पद्धत काढली. सकाळी सातला खाली, फिटनेस सेंटरच्या दाराबाहेरच्या बाकावर. डबा तिथेच, गोळ्या तिथेच, दुपारची डुलकी तिथेच. रात्री आठला वर. “बारा-तेरा तास तर खाली आसतंय,” मला हिशोब सांगितला. “निम्म्याच्या वर चान्स माजो.” मी म्हटलं, यमाला पाळी लावून दिलीत की तुम्ही! आत खाटेवर रमाबाई, बाहेर बाकावर हे. दिवसभर दोघांचं एकमेकांना तोंड न दाखवता भांडण चालायचं, भिंतीआडून. कोकमाचं सार तिच्या खानावळीत चांगलं की त्यांच्या आईच्या हातचं, हा एक वाद दोन महिने पुरला. जयवंत ऑफिसला जाताना मान खाली घालून बापासमोरून जायचा. एकदा मला म्हणाला, “घरात एसी आहे, ताई. बाबा वॉचमनसारखे बाहेर बसतात.”

चैत्रातल्या एका मंगळवारी अकराच्या सुमाराला मी ऑफिसात मेंटेनन्सच्या पावत्या फाडत होते. रमाबाईंचा आवाज येत होता. त्या काहीतरी विचारत होत्या. पुन्हा विचारलं. मग चिडल्या, “अरे मेल्या, उत्तर तरी दे!” मग एकदम गप्प झाल्या. आणि मग त्यांनी मला हाक मारली, त्या हाकेवरूनच मला कळलं.

गुणाजी बाकावर भिंतीला टेकून बसलेले. हातात पेपर, चष्मा नाकावर. खांदेकऱ्यांची यादी खिशात होतीच. खाली आले, खालीच गेले. मला आधी काय वाटलं असेल तर सुटकाच वाटली. जिंकलात हो भावजी, म्हटलं मनात. मग रडू आलं.

तासाभरात जयवंत आला. त्यांच्या गावच्या मंडळाची मंडळी आली. मी चटई घालायला सांगत होते, इतक्यात मंडळातले एक म्हातारे काका म्हणाले, “हकडे कशाक? आधी घराक न्हेवया. आंगोळ घरात, आनी घरच्या दारातसून भायर काढूक व्हया.”

जयवंत म्हणाला, “हो. बाबांना वर घेऊ.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दोन वर्षं त्या माणसानं खाली कसं यायचं ह्याचा विचार केला. मोजमापं घेतली, खाट घेतली, बारा बारा तास बाकावर काढले. मेल्यावर कुणी वर नेईल, हे ना त्यांच्या डोक्यात आलं, ना माझ्या! दोघं जण ऑफिसातली खुर्ची उचलायलासुद्धा लागले.

“खबरदार,” मी म्हणाले. “त्यांना लिफ्टमध्ये घालायचं नाही.”

“ताई, दोन मिनिटांचं काम आहे.”

“मला सांगतोस? मी गेलेय त्या लिफ्टमधून. माझा नवरा माझ्यासमोर उभा होता, धोतरानं बांधलेला. मी अजून डोळे मिटले की ते मला उभेच दिसतात. आडवे, शांत झोपलेले कधी दिसतच नाहीत. तुला बाप असा दिसायला हवाय जन्मभर?”

जयवंतचा चेहरा कसातरी झाला. पण हट्टी बापाचं हट्टी पोर. “आईचा फोटो आहे वर,” म्हणाला. “गेले चार महिने ते घरी फक्त झोपायला येत होते, ताई. एकदा तरी घरी येऊ देत ना. बाकावरून कसा नेऊ मी त्यांना? घर नव्हतं का त्यांना?”

पोस्टातली, सोसायटीतली, सगळी भाषा संपली. काकांनी खुर्ची पुढे सरकवली.

तेव्हा रमाबाई खाटेवरून उतरल्या.

सहा महिन्यांत कुणी त्यांना माणसाच्या आधाराशिवाय उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. त्या मोडक्या सायकलीच्या हँडलला आणि मग भिंतीला धरून दारापर्यंत आल्या. “कमल,” म्हणाल्या, “ही खोली कुणाच्या नावावर आहे? तुझ्या वहीत काय लिहिलंयस?”

“गुणाजी भिकाजी राऊळ. तहहयात.”

“मग? माणूस आपल्या घराच्या दारात गेलाय. बाक कसला, ओटी आहे ती त्याची. मी पाहुणी. मला काय ठाऊक नव्हतं तो कागद कसला होता? लायटीच्या बिलात कधी ‘रमाबाई’ असं नाव घेतात का रे? वाचताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्यानं.” मग जयवंतकडे वळल्या. “बापाला त्याच्या घरात घे, बाळा. आंघोळ घाल. ह्या दारातून काढ. मी बाहेर बसते.”

आणि त्या बाकावर बसल्या, गुणाजींच्या शेजारी. मोठ्यानं रडल्या. जयवंतनं खुर्ची बाजूला केली, बापाला काखेत हात घालून उचललं, आणि त्या खाटेवर आडवं ठेवलं. पाय सरळ केले. मी समोर उभं राहून बघितलं. डोळे भरून बघितलं.

यादीतले चारही खांदेकरी आले. उंच्या बरोबर होत्या. तिरडी गेटातून बाहेर पडली तेव्हा जरासुद्धा कलली नव्हती.

संध्याकाळी माणसं भोईवाड्याच्या स्मशानातून परतली. खोली धुऊन घेतली होती. जिथं देह ठेवला होता तिथं जयवंतच्या बायकोनं पिठावर दिवा लावला. आता दहा दिवस तो तिथं तेवत ठेवायचा, खोलीत कुणी झोपायचं नाही, अशी रीत. काका रमाबाईंना म्हणाले, “आजी, तुमका आता वर जावचा लागतला.”

रमाबाईंनी पिशवी पुढ्यात ओढली. पिशवीत आपलं लुगडं भरायला लागल्या. हितेंद्र ऑफिसातून आला होता, तो नुसता उभा. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, बाराव्या मजल्यावर ते दार बंद झालं की काय होणार. पण रीत पडली!

जयवंत खाली बसला. त्यानं दिवा ताटलीत उचलून घेतला, पिठासकट. “आजी राहतील इथं,” म्हणाला.

“अरे, जंय गेलो थंयच दिवो ठेवचो लागता,” काका म्हणाले.

“बाबा वर आले नाहीत. हा येऊ दे. आईच्या फोटोपुढे ठेवतो.” मग काकांकडे न बघताच म्हणाला, “ह्याला उभं नेलं तरी चालतं.”

मी लिफ्टचं दार धरलं. आत शिरल्यावर वरचा पंखा सुरू झाला आणि ज्योत आडवी पडली. जयवंतनं ताटलीभोवती हात धरला, मी पंखा बंद केला. सतरा मजले घामानं निथळत आम्ही दोघं त्या दिव्याकडे बघत उभे होतो, आणि मध्ये कुठल्याही मजल्यावर लिफ्ट थांबली नाही.